फातोर्ड्यात पाचदा उंचावलेला करंडक गोव्याचा का झाला नाही?

इंडियन सुपर लीगचे २०२५ पर्यंत अकरा मोसम झाले. त्यांपैकी पाच मोसमांची अंतिम लढत मडगावच्या फातोर्डा येथील पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर झाली. २०१५ मध्ये तेथे चेन्नईयीनने करंडक उंचावला, २०२० मध्ये एटीकेने, २०२१ मध्ये मुंबई सिटीने, २०२२ मध्ये हैदराबादने आणि २०२३ मध्ये एटीके मोहन बागानने. एफसी गोवा ज्या मैदानाला आपले घर म्हणतो, त्या मैदानाने हा करंडक पाच वेळा पाहिला आणि पाचही वेळा तो पाहुण्यांच्या हाती पाहिला. ईस्ट लोअर गॅलरीत वर्षानुवर्षे बसणाऱ्या प्रेक्षकाला ही यादी पाठ करावी लागत नाही.

रखडलेला बारावा मोसम १४ फेब्रुवारी २०२६ पासून खेळवण्याचे ठरले. त्यामुळे गेल्या वर्षाचा जमाखर्च आणि पुढच्या विजेतेपदाची आशा या दोन्ही गोष्टी पुन्हा चर्चेत आल्या आहेत. गंमत अशी की, गेले वर्ष चांगले गेले की वाईट, यावरच समर्थकांचे एकमत नाही.

एका बाजूचे म्हणणे असे की, इतके भरगच्च वर्ष क्लबच्या वाट्याला क्वचितच आले. २०२४-२५ च्या साखळीत ४८ गुण मिळवून संघ मोहन बागानच्या पाठोपाठ दुसरा राहिला. ३ मे २०२५ रोजी भुवनेश्वरला जमशेदपूरचा ३-० असा धुव्वा उडवून त्याने सुपर कप जिंकला. त्या विजयामुळे आशियाचे दार उघडले. ऑगस्टमध्ये ओमानच्या अल सीबला २-१ असे हरवून गोवा एएफसी चॅम्पियन्स लीग टूच्या गटात दाखल झाला आणि २२ ऑक्टोबरला सौदी अरेबियाचा अल नासर फातोर्ड्यात उतरला. ख्रिस्तियानो रोनाल्डो आला नाही, याची हळहळ अनेकांना अजून वाटते. परंतु त्या रात्री दोन गोलांनी पिछाडीवर पडल्यानंतर ब्रायसन फर्नांडिसने जो गोल केला, तो अधिक काळ लक्षात राहावा. गोव्याच्या मातीत घडलेल्या एका मुलाने, गोव्याच्या मैदानावर, त्या संघाविरुद्ध केलेला तो गोल होता. सामना १-२ असा गेला आणि पुढे गटातून वरही जाता आले नाही. तरीही ७ डिसेंबरला फातोर्ड्यातच ईस्ट बंगालविरुद्धची गोलशून्य लढत पेनल्टी शूटआऊटमध्ये ६-५ अशी जिंकून गोव्याने सुपर कप राखला. या करंडकाची ही तिसरी खेप. पण मोठ्या राष्ट्रीय स्पर्धेची अंतिम लढत घरच्या प्रेक्षकांसमोर जिंकण्याची मात्र पहिलीच वेळ.

दुसऱ्या बाजूला एकच तारीख पुरते. ६ एप्रिल २०२५. उपांत्य फेरीच्या पहिल्या लढतीत बेंगळुरूने गोव्याला ०-२ असे हरवले होते. परतीच्या लढतीत फातोर्ड्यात बोर्हा हेरेराने एक गोल फेडला, ८८व्या मिनिटाला आर्मांडो सादिकूने दुसरा केला आणि दोन्ही लढतींची बेरीज समसमान झाली. स्टेडियम जादा वेळेच्या तयारीत असतानाच भरपाई वेळेच्या दुसऱ्या मिनिटाला सुनील छेत्रीने हेडर मारला. सामना गोव्याने जिंकला, फेरी बेंगळुरूने.

नव्वदाव्या मिनिटाचे भय

या घटनेला दुर्दैव म्हणून सोडून देता आले असते, जर ती एकटी असती तर. २०१५ च्या अंतिम लढतीत ८७व्या मिनिटाला जोफ्रेच्या फ्री किकने गोव्याला २-१ अशी आघाडी मिळवून दिली होती. करंडक आणि गोवा यांच्यात केवळ तीन मिनिटे आणि भरपाई वेळ उरली होती. नव्वदाव्या मिनिटाला गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनीच्या नावावर स्वयंगोल लागला आणि भरपाई वेळेत मेंडोझाने चेन्नईयीनला ३-२ असे विजेतेपद दिले. २०१९ ची अंतिम लढत मुंबईत झाली. जादा वेळेत अहमद जाहूला बाहेर जावे लागल्यावर दहा जणांनिशी खेळणाऱ्या गोव्याने पेनल्टी शूटआऊट जवळजवळ गाठलेच होते. ११७व्या मिनिटाला बेंगळुरूच्या राहुल भेकेने एकमेव गोल केला. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई सिटीविरुद्धच्या उपांत्य लढतीत गोवा ९० मिनिटांपर्यंत २-० असा पुढे होता आणि अंतिम शिट्टी वाजली तेव्हा २-३ असा मागे. सहा-सात मिनिटांत तीन गोल! त्यानंतर फातोर्ड्यातले प्रेक्षक आघाडी असतानाही घड्याळाकडे पाहू लागले, तर त्यांना दोष कसा द्यावा?

या चार लढतींत खेळाडू निराळे होते, प्रशिक्षकही एकच नव्हता. झिको, सर्जिओ लोबेरा आणि मानोलो मार्केझ यांच्या विचारांत बराच फरक आहे. म्हणून एखाद्या व्यक्तीवर बोट ठेवणे अन्यायाचे ठरेल. सातत्याने टिकून राहिली ती खेळण्याची रीत. चेंडू आपल्याकडे ठेवायचा, वरच्या भागात खेळायचे, आघाडी मिळाली तरी पुढेच जायचे, हा या क्लबचा स्वभाव झाला आणि तो समर्थकांनीही मनापासून उचलून धरला. २०१९-२० मध्ये साखळीतील १८ सामन्यांत संघाने ४६ गोल केले, पण २३ स्वीकारलेही. साखळीत हा व्यवहार परवडतो. एका सामन्यात गमावलेले पुढच्या सामन्यात भरून काढता येते. त्या वर्षी ३९ गुणांनिशी गोवा अव्वल ठरला, पहिल्यांदाच देण्यात आलेली लीग विनर्स शिल्ड त्याने पटकावली आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळण्याचा मान मिळवणारा तो पहिला भारतीय क्लब झाला. मात्र उपांत्य फेरीत चेन्नईत १-४ अशी हार पत्करल्यावर फातोर्ड्यातला ४-२ हा विजयही अपुरा पडला. बेरीज ५-६.

अकरा मोसमांत आठ वेळा शेवटच्या चार संघांत स्थान, त्यांतील दोनदा अंतिम फेरी. इतके सातत्य देशातील फार थोड्या क्लबांनी दाखवले आहे. २०१६ मध्ये संघ तळाला गेला, २०२१-२२ मध्ये नववा राहिला आणि २०२२-२३ मध्ये सातवा. तेवढे तीन मोसम वगळता गोव्याचा प्रेक्षक दरवर्षी उपांत्य फेरीपर्यंत आशा बाळगून होता. त्याचे दुःख आहे ते या सातत्यामुळेच. तळाशी राहणाऱ्या संघाच्या समर्थकाला नव्वदाव्या मिनिटाचे भय नसते.

आपलीच माणसे, दुसऱ्यांचा करंडक

उशिराच्या गोलांपेक्षाही एक गोष्ट अधिक खोल रुतलेली आहे. फातोर्ड्यात झालेल्या शेवटच्या तीन अंतिम लढतींकडे पाहिले, तर प्रत्येक विजेत्या संघात एफसी गोवाच्या इतिहासाचा एकेक तुकडा सापडतो.

२०२० च्या प्रारंभी, संघ गुणतक्त्यात आघाडीवर असताना, क्लबने लोबेरा यांना निरोप दिला. उरलेले सामने डेंपोच्या सुवर्णकाळातील खेळाडू क्लिफर्ड मिरांडा यांनी सांभाळले आणि शिल्ड गोव्यात आली. परंतु पुढच्या मोसमात लोबेरा मुंबई सिटीच्या प्रशिक्षकपदी दिसले आणि त्यांच्यासोबत जाहू, ह्युगो बुमूस, मुर्तदा फॉल आणि मंदार राव देसाई हेही. मंदार हा पहिल्या मोसमापासून गोव्याच्या जर्सीत खेळलेला, पुढे कर्णधार झालेला, पूर्णपणे इथला मुलगा. महामारीमुळे ती संपूर्ण स्पर्धा गोव्यातच, रिकाम्या स्टेडियममध्ये झाली. उपांत्य फेरीत मुंबईने गोव्याला शूटआऊटमध्ये हरवले आणि १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्यातच करंडक जिंकला. प्रेक्षक आत नव्हते, हे एका परीने बरेच झाले.

वर्षभराने हैदराबाद आणि केरला ब्लास्टर्स अंतिम फेरीत आले. या वेळी प्रेक्षक होते आणि केरळच्या समर्थकांनी स्टेडियम पिवळे करून टाकले होते. केरला ब्लास्टर्स एका गोलाने पुढे असताना ८८व्या मिनिटाला हैदराबादच्या साहिल ताव्होराने बरोबरी साधली, ताव्होरा गोव्याचा. शूटआऊटमध्ये हैदराबादच्या गोलरक्षकाने तीन पेनल्टी अडवल्या. तो गोलरक्षक होता लक्ष्मीकांत कट्टीमनी. सहा वर्षांपूर्वी याच मैदानावर ज्याच्या नावावर तो स्वयंगोल लागला होता, तोच. त्या रात्री त्याला खांद्यावर घेणारे लोक आपले नव्हते, एवढे सोडले तर या कथेत काही उणे नाही. आणि हैदराबादचे प्रशिक्षक होते मानोलो मार्केझ, ज्यांनी २०२३ मध्ये गोव्याची धुरा हाती घेतली.

तिसरी लढत २०२३ ची. एटीके मोहन बागानचे प्रशिक्षक हुआन फेरांडो हे डिसेंबर २०२१ मध्ये मोसम अर्ध्यावर असताना गोव्याला सोडून कोलकात्यास गेले होते. त्यांच्या चमूत ग्लॅन मार्टिन्स होता आणि लिस्टन कुलासोही, दोघे गोमंतकीय.

याचा अर्थ गोवा फुटबॉलपटू घडवण्यात कमी पडतो, असा होत नाही. उलट तो इतरांना पुरेल इतके घडवतो. कमतरता आहे ती घडलेली माणसे जमून आल्यावर त्यांना एकत्र ठेवण्याची. २०२४ मध्ये संघाचा कर्णधार ब्रँडन फर्नांडिस मुंबई सिटीकडे गेला आणि नोआह सदाऊई केरला ब्लास्टर्सकडे. मोठ्या उद्योगसमूहांच्या पाठबळावर उभे असलेले क्लब जी रक्कम देऊ शकतात, ती पंधरा लाखांच्या आसपास लोकसंख्येच्या राज्यातील, एकोणीस हजारांच्या स्टेडियमवर खेळणाऱ्या क्लबला दरवेळी देता येणार नाही. हे समर्थकालाही समजते. पण त्याची तक्रार पैशांची नाहीच. शिल्ड जिंकणारा चमू एकाच उन्हाळ्यात विस्कटला आणि त्याच्या जागी नवा बसायला चार वर्षे लागली. हे पुन्हा होऊ नये, एवढीच त्याची मागणी आहे. ती रास्त आहे, असे मला वाटते.

मोजण्याची जुनी रीत

येथे थोडे मागे जाणे भाग आहे, कारण गोव्यातील फुटबॉल २०१४ मध्ये सुरू झाला नाही. २००६-०७ ते २०१२-१३ या सलग सात मोसमांत देशाचे लीग विजेतेपद गोव्याबाहेर गेलेच नव्हते. डेंपो, चर्चिल ब्रदर्स आणि साळगावकर या तीन क्लबांनी ते आपसांत वाटून घेतले. एकट्या डेंपोने आर्मांडो कुलासो यांच्या मार्गदर्शनाखाली पाच राष्ट्रीय लीग जिंकल्या. ही सारी विजेतेपदे गुणतक्त्यावर मिळालेली होती. उपांत्य फेरी, अंतिम फेरी हा प्रकार त्यांत नव्हता. वर्षभर खेळा, शेवटी ज्याचे गुण जास्त तो विजेता.

सुपर लीगने हे माप बदलले. साखळीतील पहिला क्रमांक केवळ बाद फेरीचे तिकीट ठरला आणि खरे मोल करंडकाला आले. २०१५ मध्ये गोवा साखळीत अव्वल होता; त्याबद्दल त्याला काहीच मिळाले नाही, कारण शिल्ड तेव्हा अस्तित्वातच नव्हती. जुन्या मापाने मोजले, तर २०१५ आणि २०२० अशी दोन राष्ट्रीय विजेतेपदे गोव्याच्या खाती आजच जमा आहेत. ही पळवाट नव्हे. इंग्लंड-स्पेनपासून बहुतेक फुटबॉल जगत असेच मोजते. तरीही फातोर्ड्यातल्या प्रेक्षकाला करंडकच हवा असतो, आणि त्यालाही कारण आहे. जे आपल्या डोळ्यांसमोर पाच वेळा दुसऱ्यांनी नेले, त्याची ओढ तर्काने कमी होत नाही.

दरम्यान जुने क्लब मागे पडले. डेंपो आणि साळगावकर घराण्यांचा सहभाग एफसी गोवाच्या स्थापनेतच होता; पण २०१६ मध्ये डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. डेंपो नंतर परतला. चर्चिल ब्रदर्स तर गेल्या वर्षी सुपर लीगच्या उंबरठ्यावर होता: एप्रिल २०२५ मध्ये महासंघाने त्याला आय-लीग विजेता घोषित केले आणि जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने ते विजेतेपद इंटर काशीला दिले. फातोर्ड्यात दोन गोमंतकीय क्लबांची सुपर लीगमधील झुंज पाहण्याचे स्वप्न त्या निकालाबरोबर लांबले. परिणामी, ज्यांचे आजोबा साळगावकरसाठी आणि शेजारी डेंपोसाठी भांडत असत, ते सारे आज एकाच नारिंगी जर्सीत बसतात. एफसी गोवाच्या खांद्यावर एका क्लबाच्या नव्हे, तर चार-पाच क्लबांच्या समर्थकांच्या आशेचे ओझे आहे.

यंदा नेमके काय जिंकायचे?

यंदाच्या मोसमाचे स्वरूप या साऱ्या हिशेबाला अनपेक्षित वळण देणारे आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि फुटबॉल स्पोर्ट्स डेव्हलपमेंट यांच्यातील पंधरा वर्षांचा करार ८ डिसेंबर २०२५ रोजी संपला. त्याआधीच जुलैत लीग लांबणीवर पडली होती. व्यावसायिक हक्कांसाठी काढलेल्या निविदेला एकही बोली आली नाही. क्लबांना सराव कशासाठी करायचा हेच कळेनासे झाले. २४ डिसेंबरला फातोर्ड्यात ताजिकिस्तानच्या इस्तिकलोलविरुद्ध सुरुवातीची शिट्टी वाजल्यावर गोव्याचे खेळाडू काही क्षण जागच्या जागी उभे राहिले. तो निषेध होता, आणि तो आशियाई स्पर्धेत, परदेशी संघासमोर करावा लागला.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तोडगा निघाला. चौदा क्लब, एकेरी साखळी, एकूण ९१ सामने. प्रत्येक संघाच्या वाट्याला तेरा. उपांत्य फेरी नाही, अंतिम लढत नाही. तक्त्यात जो वर, तो विजेता. म्हणजे अडचणीमुळे का होईना, लीग पुन्हा त्या जुन्या मापावर आली, ज्या मापाने डेंपो आणि चर्चिल जिंकत असत.

गोव्याला हे सोयीचे आहे काय? काही अंशी निश्चितच. ज्या टप्प्यावर हा संघ आठ वेळा अडखळला, तो टप्पाच यंदा नाही. डिसेंबरमध्ये सुपर कप जिंकलेला चमू आणि सलग तिसऱ्या मोसमात तोच प्रशिक्षक, हे भांडवल अनेक प्रतिस्पर्ध्यांकडे नाही. मात्र तेरा सामने फार थोडे. लांबलचक साखळीत चुका भरून काढायला वेळ मिळत असे; येथे दोन-तीन बरोबरी आणि एखादा पराभव पुरे, विजेतेपद हातचे जाईल. त्यातून एकेरी साखळीत घरच्या मैदानावर सहा किंवा सातच सामने मिळतात आणि मोहन बागानशी गाठ कोठे पडते, यावर बरेच अवलंबून राहील. मोहन बागानने गेल्या मोसमात ५६ गुणांनी शिल्ड आणि त्यावर करंडक असे दोन्ही नेले; दोन संघांतील आठ गुणांचे ते अंतर छोट्या साखळीत दडून राहील, पण नाहीसे होणार नाही.

आणखी एक प्रश्न समर्थकांत आतापासूनच विचारला जातो: अशा आखूड मोसमाचे विजेतेपद मिळाले, तर त्याला विजेतेपद म्हणायचे का? माझे उत्तर होकारार्थी आहे. जे वर्ष जसे आले, तसे ते सर्वांसाठी सारखेच आले. महामारीच्या वर्षी रिकाम्या स्टेडियममध्ये मुंबईने जिंकलेल्या करंडकाला आज कोणी कमी लेखत नाही.

परंतु विजेतेपदाच्या आधी पाहावे लागेल ते वेगळेच. मध्यवर्ती महसुलाची जुनी हमी संपली आहे आणि खर्च कमी करण्याचा दबाव प्रत्येक क्लबवर आहे. अशा वेळी सर्वांत आधी गंडांतर येते ते युवा संघांवर, आणि ब्रायसनसारखी मुले तिथूनच वर येतात. २०२४-२५ चा लीगमधील सर्वोत्तम उदयोन्मुख खेळाडू ठरलेला ब्रायसन पुढील तीन वर्षे कोणत्या जर्सीत खेळतो, हा प्रश्न या मोसमातील कोणत्याही एका निकालाइतकाच महत्त्वाचा आहे. २०२२ मध्ये हैदराबादसाठी फातोर्ड्यात बरोबरीचा गोल करणारा साहिल ताव्होरा डिसेंबर २०२५ मध्ये त्याच मैदानावर सुपर कप जिंकणाऱ्या गोव्याच्या चमूत होता. मार्केझही त्या रात्री याच बाजूच्या बाकावर होते. गेलेली माणसे परतू शकतात, हे यातून दिसले. असलेली टिकतात का, हे उन्हाळ्यात करारांचे दिवस येतील तेव्हा कळेल.